पुढच्यांचं माप

माझे बाबा एकोणीस वर्षं पक्षाचे पुढचे नेते होते.

हे पद पक्षाच्या घटनेत नाही. घटनेत नेता आहे, उपनेता आहे, चिटणीस आहे आणि का कोण जाणे, एक छत्रीप्रमुखही आहे. बाबा कागदोपत्री उपनेते. पण काकांच्या नंतर हेच, असं सगळ्यांनी इतक्यांदा म्हटलं की लोक त्यांना 'पुढचे' म्हणायला लागले. आधी पाठीमागे, मग तोंडावर. "पुढचे, जरा मागे सरका, फोटोत येताय," हे वाक्य मी स्वतः ऐकलंय. बाबा सरकले होते.

नेतेपद स्वीकारतानाचं भाषणही त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं. दरवर्षी त्यात दुरुस्त्या व्हायच्या. पहिल्या मसुद्यात पक्ष घरोघरी टेलिफोन पोचवणार होता. तो लोकांच्या खिशात आपणहून पोचला, तेव्हा बाबांनी ती ओळ जड मनानं खोडली. आईला भाषण तोंडपाठ आहे. लहानपणी मी झोपत नसले की ती मला त्यातला तिसरा परिच्छेद म्हणून दाखवायची. चौथा परिच्छेद मी कधीच ऐकला नव्हता.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. ते सगळ्यांचेच काका. विरोधी पक्षसुद्धा सभागृहात "काकांचा निषेध असो" असंच ओरडायचा. राजकारणात यायच्या आधी ते शिंपी होते. पक्षाच्या संस्थापकबाई त्यांच्याकडे कोट शिवायला आल्या. बाह्या जोडून होईपर्यंत बसून काय करायचं म्हणून त्यांनी पक्षाबद्दल सांगितलं, आणि दुसरी बाही जोडून होईस्तोवर काका सभासद झाले होते.

मी पक्षाच्या कचेरीत इतिवृत्त लिहिते. बैठकीत कोण काय म्हणालं ते लिहायचं, आणि जे म्हणायला नको होतं ते गाळायचं. कचेरी दुसऱ्या मजल्यावर, खाली चष्म्याचं दुकान. जिना अरुंद आहे, आणि त्याला एका बाजूलाच कठडा आहे.

सोमवारी सकाळी काका आले आणि त्यांनी चिटणिसांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. कपड्याच्या मापाच्या चिठ्ठीमागे तीन ओळी होत्या. 'मला आता सुईत दोरा ओवता येत नाही. ज्याला ते जमत नाही त्याने पक्ष चालवू नये. आपला, काका.' चिटणिसांनी चाचरत विचारलं की या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध. काकांनी विचारलं, तुम्ही कधी ओवून बघितलाय का. चिटणीस नाही म्हणाले. विषय संपला.

मी घरी फोन केला. आईनं विचारलं, "कुठला सदरा इस्त्री करू?" बाकी काही विचारलं नाही. एकोणीस वर्षांत ती तेवढी तयार झाली होती.

निवड बुधवारी घ्यायची ठरली. मतदार अकरा, म्हणजे आमचे निवडून आलेले सगळे. उमेदवार दोन. एक बाबा, दुसऱ्या आमच्यातल्याच दातांच्या डॉक्टरीणबाई. बाबांचा अंदाज पक्का होता, सहा आपले, पाच त्यांचे. घाई एवढ्याचसाठी होती की नव्या नेत्याचं नाव सभागृहाच्या कार्यालयात शुक्रवारी पाचच्या आत पोचायला हवं होतं. नाही पोचलं तर पुढच्या निवडणुकीपर्यंत जुन्याच नेत्याचं नाव कायम राहतं. पुढची निवडणूक चार वर्षांनी. बाबा त्रेसष्ट वर्षांचे. ते म्हणाले, एकोणीस वर्षं थांबणं ही निष्ठा झाली, तेवीस वर्षं थांबणं हा आजार होईल.

बुधवारी दहाला बैठक सुरू झाली आणि चिटणिसांनी घटनेतलं कलम एकवीस वाचलं. 'मावळत्या नेत्याने आपले आभार पुरे केल्याशिवाय नव्या नेत्याची निवड सुरू करू नये.' या कलमाकडे आजवर कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, कारण ते एकदाच वापरलं गेलं होतं. संस्थापकबाई पायउतार झाल्या तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "सगळ्यांचे आभार, चहा गार होतोय." काकांसाठी पाच मिनिटं ठेवली होती. बाबा म्हणाले, दहा घ्या, आरामात घ्या.

काकांनी पिशवीतून मापवही काढली.

जाड, कापडी पुठ्ठ्याची वही. काकांच्या डोक्यात माणसं नावानं राहत नाहीत, मापानं राहतात. त्यांना भेटलेल्या प्रत्येकाचं त्यांनी कधी ना कधी माप घेतलंय, कपडा शिवायचा असो वा नसो. एका माणसाला एक पान. पान उघडलं की त्या माणसाचं सगळं त्यांना आठवतं. पानं तीनशे बारा होती.

पहिलं पान संस्थापकबाईंचं. त्या हयात नाहीत, म्हणून त्यांचा कोट खुर्चीवर ठेवला आणि काका कोटाशी वीस मिनिटं बोलले. कोट मध्ये एकदाही बोलला नाही. आमच्या बैठकांमध्ये इतकं शिस्तीत वागलेलं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही.

मग त्यांनी चिटणिसांना सांगितलं की बाकीच्यांना बोलवा. चिटणिसांनी विचारलं, कुणाकुणाला. काकांनी वहीच दिली.

दुपारपर्यंत माणसं यायला लागली. फोनवर बसणाऱ्या बाई आल्या. काका न्हाणीघरात असताना बावीस वर्षं त्या "ते बैठकीत आहेत" असं सांगत आल्या होत्या. काकांनी त्यांच्यापुढे उभं राहून तसं बोलून दाखवलं आणि म्हणाले, माझी अब्रू तुमच्या आवाजावर उभी होती. पोस्टर चिकटवणारे आले. त्यांच्या हातून एकदा काकांचं पोस्टर उलटं लागलं होतं आणि त्याच भागात सगळ्यात जास्त मतं पडली होती. एक आजी आल्या, ज्यांनी काकांना एकदा चुकून मत दिलं होतं आणि तसं पत्र लिहून कळवलं होतं. काकांनी त्या पत्राचेही आभार मानले. प्रत्येकाला ते आधी नजरेनं मापायचे, मग वहीत बघायचे. "कंबर दोन इंच उतरली तुमची. घरी सगळं बरंय ना?" असं विचारायचे. आणि माणसं चक्क सांगायची.

पहिल्या दिवशी चव्वेचाळीस पानं झाली.

जेवणाच्या सुट्टीत बाबा मला जिन्यात भेटले. त्यांचं म्हणणं असं की काकांना जायचंच नाहीये, शुक्रवारचे पाच वाजवायचेत. त्याच वेळी डॉक्टरीणबाई चिटणिसांना सांगत होत्या की हा सगळा पुढच्यांचा डाव दिसतोय. मग दोघं मिळून काकांकडे गेले, आणि पक्षाच्या इतिहासात त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं. बाबांनी सुचवलं, उरलेल्यांचे सामूहिक आभार मानू. काका वहीत खूण घालत म्हणाले, "सामूहिक माप घेता येतं का रे?"

बाबांनी मला हळूच सांगितलं, पंखा बंद करून बघ. मी बंद केला. काकांनी पंख्याचे आजवरच्या सेवेबद्दल आभार मानले आणि खिडकी उघडली.

गुरुवारी रांग जिन्यातून खाली, चष्म्याच्या दुकानावरून, थेट बसथांब्यापर्यंत गेली. एक गृहस्थ बसचीच रांग समजून तासभर उभे होते आणि सरकत सरकत आमच्या बैठकीत आले. काकांनी त्यांचे आल्याबद्दल आभार मानले, नवं पान उघडून माप घेतलं. ते पुढे सभासद झाले. बस चुकली ती चुकलीच. विरोधी पक्षाचे नेतेही आले. काकांनी त्यांच्या पोटाकडे बघून "चार इंच, सत्ता मानवली" एवढंच म्हटलं, आणि मग एका जुन्या रात्रभराच्या वादाचे आभार मानले. त्या वादात काका हरले होते आणि हरले ते बरं झालं, असं त्यांना आता वाटत होतं.

डॉक्टरीणबाईंनी आतल्या खुर्च्या बाहेर नेऊन रांगेत मांडल्या. मग पाणी नेलं. मग कुणी दाढ दुखते म्हणालं म्हणून खिशातला टॉर्च काढून त्या एकेकाच्या तोंडात बघायला लागल्या. बाबांनी हे खिडकीतून पाहिलं. यांच्यातल्या एकालाही मत नाही, ते म्हणाले, आणि ज्यांना मतच नाही त्यांच्यात प्रचार करणारी बाई फार धोकादायक असते. मग ते घड्याळाकडे वळले. त्यांनी कागदावर माणशी किती मिनिटं याचा तक्ता काढला होता आणि दर दहा माणसांनी तो सुधारत होते.

मी लिहीत होते. दोन दिवसांत माझ्या तीन वह्या संपल्या. पण एक गोष्ट मी इतिवृत्तात लिहिली नाही, कारण तिला रकाना नाही. वर येताना माणसं चौकशीला बोलावल्यासारखी यायची. खाली जाताना भिंतीला हात लावत अगदी सावकाश उतरायची, जणू हातात काठोकाठ भरलेलं काहीतरी आहे. चष्मेवाला म्हणाला, आज सगळे तुमच्याकडून नवा चष्मा घेतल्यासारखे का उतरतायत?

शुक्रवारी बाबा नवा सदरा घालून आले. म्हणजे बुधवारचाच, आईनं रोज धुऊन नवा केलेला. फाइल काखेत होती. तीन वाजता अडतीस पानं उरली होती. साडेतीनला वीस. बाबांचा तक्ता जमत आला होता. काकांचा आवाज बसला होता, पण ते एकाही माणसाला दुसऱ्यापेक्षा कमी देत नव्हते. चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी वही मिटली. खोलीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. बाबा उठून उभे राहिले.

काकांनी वही पुन्हा उघडली.

"हे एक पान कोरं आहे," ते म्हणाले. "वर तुझं नाव, खाली काही नाही."

बाबा म्हणाले की ते तयार कपडे घेतात, मापाचा कधी प्रश्नच आला नाही.

"मी विचारलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी. पुढच्या वेळी घ्या म्हणालास."

"काका, घड्याळ बघा."

"ते तू बघतोयस की इतकी वर्षं. मी कशाला बघू? हात वर कर."

बाकीचे मतदार, चिटणीस आणि संस्थापकबाईंचा कोट यांच्यादेखत बाबांनी हात वर केले. फाइल कुठे ठेवावी कळेना, तेव्हा ती डॉक्टरीणबाईंनी धरली. काकांनी गळ्यातली टेप काढली. मी मापं लिहायला घेतली, कारण बैठकीत बोललेला प्रत्येक शब्द आधी लिहायचा असतो, गाळायचं नंतर. गळा साडेपंधरा. छाती चाळीस. डावा खांदा. उजवा खांदा.

उजव्या खांद्याशी काका थांबले. टेप पुन्हा लावली. मागे जाऊन बाबांच्या पाठीकडे बघत राहिले.

"पाऊण इंच उतरलाय हा."

बाबा म्हणाले, वय.

"वयानं दोन्ही उतरतात. ही माझी पिशवी आहे."

ती पिशवी सगळ्यांनी पाहिली होती. फायलींनी फुगलेली, काकांची, प्रत्येक बैठकीला, प्रत्येक सभेला, प्रत्येक जिन्यावर बाबांच्या खांद्यावर. इतकी वर्षं पाहिली होती की ती बाबांचीच आहे असं मला सहावीपर्यंत वाटायचं.

"मला वाटायचं," काका म्हणाले, "हा खुर्चीसाठी माझ्या शेजारी उभा आहे."

"त्यासाठीच होतो," बाबा म्हणाले. हात अजून वरच होते.

"असशील. पण पिशवी उचल असं तुला कुणी सांगितलं नव्हतं."

मग काकांनी एका मैदानातल्या सभेचं सांगितलं. काका व्यासपीठामागे चक्कर येऊन पडले होते. समोर हजारो माणसं. बाबांच्या खिशात स्वतःचं भाषण तयार होतं. ते पुढे गेले, काकांना महत्त्वाचा फोन आलाय असं म्हणाले आणि पाऊण तास काकांचं भाषण करून आले, काकांच्याच शब्दांत, त्यांच्या नेहमीच्या दोन चुकांसकट. ही गोष्ट घरी आम्हालाही ठाऊक नव्हती.

"त्या दिवशी तू तुझं भाषण करू शकला असतास," काका म्हणाले. "माझं केलंस. आभारी आहे रे. हात खाली घे आता."

इतिवृत्तात पुढे अशी नोंद आहे: 'उपनेत्यांच्या डोळ्यात काहीतरी गेले. कामकाज दोन मिनिटे थांबले.'

साडेचारला निवड सुरू झाली. उमेदवारांना दोन-दोन मिनिटं बोलायचं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझं काही तयार नाही, मी दोन दिवस दातच बघत होते. तेवढ्यात त्यांना एक आठवलं. जिन्याला चढताना उजव्या हाताला कठडा आहे. उतरताना तो डावीकडे जातो. कालपासून एकसष्ट म्हातारी माणसं भिंत चाचपत उतरली आहेत. नेता कुणीही होवो, दुसरा कठडा बसवा. एवढं बोलून त्या बसल्या आणि त्यांनी बाबांना त्यांची फाइल परत दिली.

बाबांनी फाइल उघडली. पहिला परिच्छेद वाचला, दुसरा वाचला. तिसऱ्याची पहिली ओळ कानावर पडली तशी मला सवयीनं जांभई आली. पण तिथे बाबा थांबले. त्यांनी पान उलटलं आणि चौथ्या परिच्छेदाकडे बघत राहिले.

"इथे लिहिलंय, 'शेवटी, सर्वांचे आभार,'" ते म्हणाले. पान उलटंपालटं करून बघितलं. "एवढंच आहे. एकोणीस वर्षं दुरुस्त करतोय, आणि हे एवढंच आहे."

ते खाली बसले. त्यांचं अजून सव्वा मिनिट शिल्लक होतं. ते तसंच गेलं.

मतदान गुप्त असतं. चिठ्ठ्या उघडून वाचायचं काम माझं. सहा विरुद्ध पाच झालं, पण उलट्या बाजूनं. सहावी चिठ्ठी उघडली तेव्हा मी जरा अडखळले, सगळ्यांना वाटलं बाबांची मुलगी म्हणून. तसं नव्हतं. चिठ्ठीवर डॉक्टरीणबाईंचं नाव होतं आणि ते लिहिताना ओळ उजवीकडे खाली खाली उतरत गेली होती. मला वाढदिवसाला घरातून मिळणाऱ्या प्रत्येक शुभेच्छापत्रावर ओळ अशीच उतरते. मी नाव मोठ्यानं वाचलं आणि चिठ्ठी गठ्ठ्यात घातली. काही गोष्टी गाळायचा मला पगार मिळतो.

चार अठ्ठावन्नला नाव कार्यालयात पोचलं.

घरी आई दारातच उभी होती.

"पडलो," बाबा म्हणाले.

"कितीनं?"

"एकानं."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी पाणी प्यायला लागले. तुमचे तर सहा होते ना, तिनं विचारलं. होते, बाबा म्हणाले. मग बराच वेळ बूट काढत बसले.

"तो जिना मी एकोणीस वर्षं चढतोय गं. पायऱ्या सव्वीस आहेत, एवढंच मला ठाऊक होतं."

आईनं भाषणाची फाइल घेतली, फडक्यानं पुसली आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवली. म्हणाली, राहू दे, नातवंडं झाली तर झोपवायला लागेल. मग आत जाऊन तिनं बाबांच्या उजव्या खांद्याला तेल लावलं. बाबा एकसारखे म्हणत होते की दुखत नाहीये. ती म्हणत होती, मी कुठे म्हणतेय.

पुढच्याच आठवड्यात जिन्याला दुसरा कठडा बसला. नव्या नेत्यांनी पहिल्याच बैठकीत बाबांना उपनेता राहायला सांगितलं. त्या त्रेचाळीस वर्षांच्या आहेत, त्यामुळे बाबांचा नंबर आणखी एकोणीस वर्षांनी लागायचा झाला तर ते ब्याऐंशीव्या वर्षी नेते होतील. तरी सगळे त्यांना अजून पुढचेच म्हणतात. तेही ओ देतात. नव्या नेत्या आपली पिशवी स्वतः उचलतात. बाबा म्हणतात की त्यामुळे चालताना आपला तोल जातो.

काका आता घरी खिडकीशी बसून शिवतात. बाबा रोज सकाळी कचेरीत जायच्या आधी त्यांच्याकडे जातात आणि दिवसभराच्या बारा सुया ओवून उशीला टोचून ठेवतात. सुरुवातीला एका सुईला सहा मिनिटं लागायची. त्यांनी तक्ता काढला नाही. महिन्याभरात त्या सुयांनी बाबांचा कोट शिवून झाला, आयुष्यातला पहिला मापाचा. उजवा खांदा मुद्दाम पाऊण इंच खाली बेतलेला. कोट अंगावर चढला आणि बाबा सरळ दिसायला लागले. आई दोन पावलं मागे गेली, बघितलं, आणि म्हणाली, "हे असे होते होय?"

त्या दिवशी मी गमतीनं काकांना म्हटलं, तीनशे बारा जण झाले, बसथांब्यावरचे गृहस्थ झाले, पंखासुद्धा झाला. माझे आभार राहिले की.

काकांनी सुई थांबवली. "मानले की. तू मान वर केली नाहीस. लिहीत होतीस."

मी कचेरीत येऊन चौथी वही काढली. शुक्रवार, चार वाजून पाच मिनिटं. माझंच अक्षर. 'इतिवृत्त लिहिणाऱ्या मुलीचे आभार. सगळ्यांचं बोलणं ती सरळ करून लिहिते, म्हणून आम्ही शहाणे वाटतो. मान सतत खाली. गळा अंदाजे बारा, नीट दिसत नाही.' शब्दन् शब्द मी लिहिला होता. एकही वाचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाबांबरोबर मीही काकांकडे गेले. बाबा सुया ओवत होते. मी काकांसमोर उभी राहिले आणि मान वर केली. काकांनी टेप लावली. गळा साडेबारा निघाला. अंदाज अर्ध्या इंचानं चुकल्याबद्दल त्यांनी माझी माफी मागितली. मी त्यांचे आभार मानले. याची नोंद कुठे नाही, कारण लिहायला कुणी नव्हतं.